इदवालची शीळ

शेताच्या फाटकापासून डोंगरमाथा जेमतेम पाऊण तासाचा. दुपारचा चहा पिऊन निघालं तर म्हातारी माणसंही उजेडात परत येत. मेरेरिदने मात्र वर्षभर तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. आज जाणं भाग होतं. डोंगरावर कुणी दगावलं, की वर्षाने घरच्या कुंपणातला एक दगड नेऊन माथ्यावरच्या ढिगावर ठेवायचा, अशी तिथली रीत. तो ठेवायचा घरच्याच माणसाने.

कोटाच्या खिशात दगड होता, पायाशी नेल कुत्री. फाटकाशी शेजारचा गेथिन भेटला.

"धुकं उतरणार आहे गं. उद्या जा."

"तुझं धुकं रोजच उतरतं, गेथिन."

"थट्टा पुरे. नेलला जवळच ठेव. ती नसली की..." त्याने जीभ चावली.

साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं. वर्षापूर्वी त्या दिवशी चिखलाच्या बुटांवरून मेरेरिदचं नवऱ्याशी, इदवालशी भांडण झालं. "जा एकटाच!" म्हणत मेरेरिदने नेलला दाराच्या कडीला बांधलं आणि इदवाल मेंढ्या आणायला एकटा गेला. दुपारभर नेल दोरीला हिसके देत विव्हळत होती, आणि ही आत रागारागाने कणीक तिंबत होती. धुक्यात तो कड्यावरून कोसळून गेला. नेल असती तर तिने त्याला डोळे मिटूनही घरी आणलं असतं. त्या रात्री मेरेरिदने ती दोरी चुलीत घातली.

माथ्यावर तिने दगड ठेवला. "चुकलं रे माझं," ती मोठ्याने म्हणाली आणि रडली.

मान वर केली तर सगळं पांढरं. ओल्या लोकरीचा वास. आणि खालून कुठून तरी शीळ आली... दोन लांब, एक आखूड, शेवटी फुटलेली. इदवालचा पुढचा दात पडलेला होता. तशी शीळ खोऱ्यात दुसऱ्या कुणाची नव्हती.

नेल थरथरत उभी राहिली, पण हलली नाही. मेरेरिदच्या तोंडाकडे बघत राहिली. हुकमाची वाट बघत. मेरेरिदची बोटं तिच्या पट्ट्यात रुतली होती. सोडलं तर या धुक्यात आपण एकट्या. तोही असाच एकटा होता.

"जा, नेल..." ती पुटपुटली. "या वेळी जा."

नेल धुक्यात शिरली. मग शीळ पुन्हा आली, थोडी खालून. मेरेरिद त्या आवाजामागोमाग चालली. पावलापावलाला शीळ पुढे जाई, थांबे, बोलावी. शेवटी हाताला कुंपण लागलं.

फाटकाशी गेथिन कंदील घेऊन उभा होता. "कुत्रीला परत आणून बांधलंस कधी? तासभर विव्हळतेय बिचारी."

दाराच्या कडीला नेल बांधलेली होती. दोरी तीच, तिने जाळलेली. गाठही तिच्याच हातची, रागाने करकचून मारलेली.

मेरेरिद गुडघ्यांवर बसून ती सोडवू लागली. नखं मोडली, बोटं रक्ताळली, गाठ सुटेना. नेल डोंगराकडे तोंड करून हिसके देत होती. आणि वरून, माथ्यावरून, इदवाल तिला शीळ घालत होता.