पुसलेली दुपार

“पिल्लू, ये बाहेर! हरले मी! खरंच हरले!”

झिपरीचा आवाज सामसूम गोदामात घुमला आणि तसाच परत आला. सफरचंदांच्या खोक्यांमागे तिने धाकट्या भावाला शोधलं होतं. वजनकाट्याखाली पाहिलं, पोत्यांच्या ढिगात हात घालून पाहिलं. मोठी माणसं जेवायला गेली की मामाच्या गोदामात लपाछपी खेळायची, ही भन्नाट कल्पना तिचीच होती. आता तिलाच तिचा पश्चात्ताप होत होता.

“मुद्दाम छळतोय तो आपल्याला!” तिची मामेबहीण म्हणाली. हिच्या खिशात कायम कुठलीतरी वायर सापडायची, म्हणून सगळे तिला ‘वायर’च म्हणत.

“अगं, सहा वर्षांचा आहे तो. एवढा वेळ तोंड बंद ठेवणं त्याला बापजन्मात जमायचं नाही!”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच धूम ठोकली.

ऑफिसच्या दारात, दुपारच्या पहाऱ्याला असलेले मुकादमकाका डोळे चोळत उभे होते. “पिल्लू? तो मघाशीच फाटकातून बाहेर गेला की! माझ्या डोळ्यांदेखत! कालव्याच्या दिशेने गेला.”

कालवा! काठोकाठ भरलेला, ओढ असलेला कालवा!

मामा भरल्या ताटावरून उठला. मामी पदर खोचून धावली. हमाल धावले, ड्रायव्हर धावला. “तुम्ही दोघी घरातून हलायचं नाही!” मामा पळता पळता ओरडला. बघता बघता सगळं आवार ओस पडलं. लांबून फक्त हाका ऐकू येत होत्या. “पिल्लूऽऽ! ए पिल्लूऽऽ!”

आईला काय सांगू? झिपरीच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. ‘धाकट्याकडे लक्ष दे हं,’ असं आईने निघताना बजावलं होतं. ती मटकन वजनकाट्याच्या पायरीवर बसली, आणि तिला त्या दिसल्या. पिल्लूच्या निळ्या चपला! भिंतीलगत नीट जोडून ठेवलेल्या.

“वायर! चपला इथेच आहेत! लपताना आवाज नको म्हणून काढल्या असणार. अंगणातली फरशी तापली तर दोन पायांवर उड्या मारतो तो. अनवाणी रस्त्यावर जाईल?”

वायरचा चेहरा उतरला. “म्हणजे तो बाहेर गेलाच नाही?”

“पण काका म्हणाले, डोळ्यांदेखत…”

“चल. कॅमेऱ्यात बघू!”

ऑफिसात टेबलाखाली रेकॉर्डरचा काळा डबा घरघरत होता. वायरने पडद्यावर तारीख निवडली. कालचं चित्रण होतं. परवाचं होतं. आजच्या तारखेपुढे मात्र काहीच नाही!

“बंद पडला होता का गं?”

“चालू आहे की! हे बघ, आत्ताचं दिसतंय.” वायरचा आवाज अगदी खाली गेला. “झिपरे, आजचं कुणीतरी पुसलंय.”

कुणी? आणि का? तेवढ्यात मागे दार करकरलं.

“काय चाललंय इथे?”

मुकादमकाका! कपाळावरून घाम निथळत होता. “दोर न्यायला आलो तर तुमचे हे उद्योग! तिकडे पोराचा पत्ता नाही आणि तुम्हाला खेळ सुचतायत? चला, बाहेर व्हा!”

“काका, त्याच्या चपला…”

“बाहेर म्हणतो ना!” त्यांनी ऑफिसला कुलूप ठोकलं, दोर खांद्यावर टाकला आणि कालव्याकडे पळत सुटले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता.

झिपरीला रडू फुटणार, एवढ्यात वायरने तिचं मनगट पकडलं. “रडायचं नंतर! गेल्या वर्षी वीज पडून जुना रेकॉर्डर जळला होता, आठवतं? तेव्हापासून मी एक सोय करून ठेवलीय. दर थोड्या वेळाने नवीन चित्रण नेटवर्कवरून आपोआप घरच्या कॉम्प्युटरवर येतं. बाबांना सांगितलं होतं, पण ते विसरले. आणि काकांना तर पत्ताच नाही!”

“पण तिकडचं पुसलं की इकडचंही पुसलं जात असेल ना?”

“छे! इथे प्रत फक्त येते. तिकडे पुसलं तरी इथलं जागचं हलत नाही!”

घर आवारातच होतं. दोघी एका दमात जिना चढल्या. कॉम्प्युटर सुरू व्हायला जणू युग लागलं. आज सकाळ… आज दुपार… सगळं होतं!

पहिल्या चित्रात फाटक दिसलं. फाटक सताड उघडं, आणि पहाऱ्याला चिटपाखरू नाही. ऑफिसच्या कॅमेऱ्यात मुकादमकाका टेबलावर पाय टाकून गाढ झोपलेले!

“यांच्या डोळ्यांदेखत म्हणे! डोळे तर मिटलेले!” झिपरी किंचाळली. “लवकर, आतला कॅमेरा लाव!”

आतली बोळ दिसली. एका बाजूला फळं साठवायच्या थंड खोल्यांची जाड पत्र्याची दारं. पिल्लू चवड्यांवर चालत आला. तिसरं दार जरा किलकिलं होतं. तो थबकला, मागे वळून हसला आणि आत शिरला.

“नको, पिल्लू, नको!” झिपरी पडद्याला म्हणाली.

थोड्या वेळाने काका जांभया देत आले. दार उघडं दिसताच त्यांनी ते पायानेच ढकललं, आत डोकावलेसुद्धा नाहीत. बाहेरून कुलूप लावून परत झोपायला गेले.

“आतून उघडायचा खटका असेल ना?” झिपरीने आशेने विचारलं. वायरने नकारार्थी मान हलवली. “तिसऱ्याचा… तुटलाय. काका दुरुस्त करून घेणार होते.”

त्या खोलीत सफरचंदांसाठी बर्फासारखी थंडी ठेवलेली होती. आणि पिल्लूच्या अंगात एक पातळ बनियन!

दोघी कशा खाली पोचल्या, त्यांनाच कळलं नाही. वायरने तिसऱ्या खोलीच्या यंत्राचा मोठा दांडा खाली ओढला. घरघर थांबली. झिपरी दारावर मुठी आपटत होती. “पिल्लू! मी आलेय! ऐकतोयस ना?” दाराला कान लावला, पण आतून चकार शब्द नाही.

“किल्ल्या काकांकडे आहेत, कालव्यावर! बाबांचा फोन जेवणाच्या टेबलावर राहिलाय!”

“मग त्यांनाच पळत इकडे आणायचं!” झिपरीने भिंतीवरची आगीची घंटा पाहिली, काच फोडली आणि बटण दाबलं.

कानठळ्या बसवणारा भोंगा सुरू झाला. ‘आग! आग!’ करत माणसं परत धावली. सर्वांत पुढे मामा होता, त्याच्यामागे धापा टाकत मुकादम.

“कुठे लागलीय आग?”

“आग नाही, मामा! पिल्लू आत आहे! तिसरी खोली उघडा!”

“काहीतरीच! मी स्वतः पाहिलं त्याला बाहेर…” मुकादम म्हणाले.

“तुम्ही झोपला होता!” झिपरीने मामासमोर पहिल्यांदाच मोठ्या माणसावर आवाज चढवला. “तो आत गेला आणि तुम्ही दार लावलंत! पुसलेलं सगळं आम्ही पाहिलंय!”

मुकादमांचा चेहरा पांढराफटक पडला. जुडग्यातली किल्ली त्यांना सापडेना. मामाने जुडगा हिसकावला.

दार उघडलं तशी गार हवा अंगावर आली. कोपऱ्यात, खोक्यांच्या फटीत, रिकाम्या पोत्यांत पिल्लू मुटकुळं करून पडला होता. ओठ निळे, डोळे मिटलेले. मामीने हंबरडा फोडला. मामाने त्याला उचलून छातीशी धरलं.

झिपरीने त्याचा गाल थोपटला. “पिल्लू! ए, पिल्लू!”

पापण्या हलल्या. “झिपरे… मी… जिंकलो ना?”

“हो रे राजा, जिंकलास!”

डॉक्टर आले. त्याला ब्लँकेटांत गुंडाळून हळूहळू ऊब दिली. “आणखी उशीर झाला असता तर मला बोलावून उपयोग नव्हता,” ते मामाला बाजूला घेऊन म्हणाले, पण झिपरीने ते ऐकलंच.

संध्याकाळी मुकादमकाका मान खाली घालून दारात उभे राहिले. “डुलकी लागली होती, मालक. कळलं तर नोकरी जाईल म्हणून खोटं बोललो, आजचं पुसून टाकलं. पोर आत आहे हे माहीत असतं तर…”

“झोप एक वेळ माफ केली असती,” मामा म्हणाला. “पण तुमच्या त्या एका खोट्यामुळे आम्ही पोराला पाण्यात शोधत बसलो. उद्यापासून येऊ नका.” मग त्याने वायरच्या डोक्यावर हात ठेवला. “आणि चूक माझीही आहे. तुटका खटका मला दिसत होता. तू प्रतीचं सांगितलंस, तेही एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं. शाबास गं पोरींनो! तुम्ही होता म्हणून आज घर हसतंय!”

मामी दोघींची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडत होती. डॉक्टरांनीही पाठ थोपटली. झिपरीला मात्र काहीच धड ऐकू येत नव्हतं. पिल्लूची गार पावलं तिने ओंजळीत घट्ट धरली होती, आणि ती पुरती ऊबदार झाल्याशिवाय सोडायला झिपरी तयार नव्हती.