ताज्या नाकाची माणसं

वैनगंगेकाठच्या त्या नव्या शहराला अमोनिया थंड ठेवायचा. बाहेर चोपन्न अंश, आत सव्वीस. जुन्या यंत्रांतले कृत्रिम वायू आभाळ तापवतात म्हणून त्यांच्यावर बंदी आली, आणि एकेकाळी बर्फाच्या कारखान्यांत राबलेला हा नैसर्गिक वायू पुन्हा मानाने परतला. तो आभाळ तापवत नाही. मात्र गळून साचला तर माणसं मारतो. तरी त्याचा दर्प इतका उग्र, की जरासा गळला तरी माणूस नाक दाबून पळतो.

शहर आखणाऱ्या शहाण्यांच्या हिशेबात एकच गोष्ट राहून गेली. नळ्यांच्या सांध्यांतून थोडा पाझर रोजचाच, आणि सतत तोच वास घेणारं नाक तीन आठवड्यांत तो ओळखेनासं होतं. गळती शोधणारी यंत्रं होती, पण एकदा ती गप्प राहिली आणि साठ माणसं झोपेतून उठलीच नाहीत. तेव्हापासून शहराने वासकरी नेमले. हे बाहेरच्या उन्हात राहणारे, ताज्या नाकाचे लोक. सकाळी उपाशीपोटी, तंबाखू न खाता त्यांनी फेरी मारायची. वास आला तिथे भिंतीवर खडूची फुली, आणि फेरी संपली की मुकाट्याने वेशीबाहेर.

सोनू आत्राम त्यांच्यातली सर्वांत भरवशाची. तिच्या आठ वर्षांच्या मुलीचं, पिलूचं मूत्रपिंड उन्हाने निकामी होत चाललं होतं. एके सकाळी तिने शहर गार ठेवणाऱ्या शीतकेंद्राच्या प्रमुख डॉ. वैदेही पांढरीपांडे यांना वेशीवरच गाठलं.

"मॅडम, आमाले आत एक खोली द्या. बाहेर नाई वाचत माही पोरगी."

"सोनूताई, तुम्ही आत राहिलात तर महिन्याभरात तुमचं नाक आमच्यासारखं होईल."

"होऊ द्या. दुसरी वासकरीण ठेवा."

"मग तुम्हाला आत ठेवायचं कारणच उरत नाही. तसा नियम आहे." डॉक्टरांना हे बोलताना लाज वाटली, पण त्या बोलल्या. "पिलूला मात्र घेता येईल, मुलांच्या वॉर्डात. तुम्ही बाहेर राहून काम करताय तोवर."

सोनू पत्र्याच्या झोपडीत एकटी राहू लागली. रोज फेरीत तिला पिलू दिसायची. पोरगी बाळसं धरत होती, हसत होती. महिन्याभरात पिलूला अमोनियाचा वास येईनासा झाला. सोनूला आनंदही व्हायचा आणि भीतीही वाटायची.

वैशाखातल्या एका सकाळी मुलांच्या वॉर्डाच्या दारातच सोनूचं नाक झणझणलं. वास पिलूच्या खाटेमागच्या नळीतून येत होता. कालच्यापेक्षा जास्त. काल तिने मनाची समजूत घातली होती, की भास असेल.

"आई, अशी काहून उभी हायेस?" पिलू अंथरुणात बसून दूध पीत होती.

सोनूच्या मुठीत खडू होता. फुली मारली, की नळी बंद, वॉर्ड रिकामा, दुरुस्तीला आठ दिवस. शहरातला प्रत्येक वॉर्ड भरलेला. अशा वेळी आत दाटीवाटीने जागा फक्त शहरवासीयांच्या मुलांना, वासकऱ्यांची मुलं वेशीबाहेर. पिलू तिथे दोन दिवसही काढणार नाही, हे वॉर्डातल्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आणि ही नळी? ती आज फुटेल, नाहीतर महिनाभर टिकेल. खोलीत वीस पोरं होती. सोनूने सगळी मोजली, आणि पुन्हा फक्त आपल्या एकीकडे पाहिलं. तिला स्वतःची किळस आली.

डॉ. पांढरीपांडे वही घेऊन आत आल्या.

"मुलांचा वॉर्ड, सोनूताई?"

सोनूचे डोळे चुरचुरत होते. ते तिने पदराने पुसले.

"वास नाई, मॅडम."

डॉक्टरांनी वहीत तशी नोंद केली. मग पिलूच्या खाटेशी थांबून त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला, छाती भरून श्वास घेतला आणि त्या समाधानाने म्हणाल्या, "किती छान, गार हवा आहे इथे."