चुकून का जाणून

"अबे ए! कोनाचं जाळं उचलून राहिला बे?"

धुक्यातून आवाज आला आणि सोनिकाच्या हातून दोरी निसटता निसटता राहिली.

पौषातली सकाळ होती. हुडकेश्वर मागे पडलं, प्लॉटांच्या जाहिरातींचे फलक संपले, की पळसगावचा तलाव लागतो. पण त्या दिवशी तलाव जागेवर आहे की नाही हेच कळू नये इतकं धुकं दाटलं होतं. सोनिकाने बाबांचं जाड जॅकेट घातलं होतं, कानटोपी चढवली होती, वरून मफलर गुंडाळला होता. लाकडी डोंग्यात वाकून ती जाळं ओढत होती. आणि मासळी तरी काय लागली होती! रोहू काय, कटला काय... बाबांचा खांदा निखळल्यापासून ती एकटीच डोंगा पाण्यात काढायची, पण असं भरलेलं जाळं तिच्या हाताला पहिल्यांदाच लागत होतं. स्वारी खुशीत होती.

तेवढ्यात जाळ्याबरोबर एक बाटली वर आली. लाल झाकणाची.

सोनिकाने जाळं ओढणं थांबवलं. जाळं तरंगतं राहावं म्हणून तलावावरचं प्रत्येक घर त्याला आपापली खूण बांधतं. दिघोऱ्यांच्या, म्हणजे तिच्या घरच्या जाळ्याला जुन्या निळ्या चपलांचे तुकडे असायचे. लाल झाकणाच्या बाटल्या होत्या पलीकडच्या काठावरच्या बावण्यांच्या. धुक्यात तिने भलत्याच खुंटाची दोरी सोडली होती.

"बहिरा हायेस का बे?" दुसरा डोंगा धुकं फाडत अगदी जवळ आला.

तिने मफलर खाली ओढला. समोर अश्विन बावणे उभा होता. ओठावर आलेलं पुढचं वाक्य त्याने तसंच गिळलं.

"मले... मले वाटलं कोनी मानूस हाय," तो म्हणाला.

"मंग मी काय म्हैस हाय?"

चूक तिची, आणि वर रुबाबही तिचाच! अश्विनला हसू आलं. ते त्याने लपवलं, पण नीट काही लपलं नाही.

काठावर न्यायनिवाडा झाला. म्हणजे शेकोटीजवळ बसलेल्या धोंडबा आबाजींनी विडी बाजूला ठेवली. तलावावरचे ते सगळ्यात जुने ढिवर, म्हणजे मासेमार; त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. अशा वेळी ते एकच विचारायचे.

"चुकून का जाणून?"

"चुकून जी," सोनिका पुटपुटली. "धुक्यात दिसलंच नाही."

"चुकून उचललं, तर मासे मालकाचे. आन् सांजच्याले त्याच्याच डोंग्यात बसून जाळं परत मांडून द्याचं. जाणून उचललं तर चोरी, मंग डोंगा वर्षभर काठावर." आबाजींनी विडी पुन्हा उचलली. "घरच्या मानसानं उचललं असतं तर सवालच नव्हता. घरच्याले कोन चोर म्हनते? पन तू काही बावण्याच्या घरची नाहीस वं."

शेकोटीभोवती खसखस पिकली. सोनिकाचे कान तापले. बरं झालं, कानटोपी होती.

*

संध्याकाळी ती अश्विनच्या डोंग्यात बसली तेव्हा धुक्याचा मागमूस नव्हता. पाण्यावर केशरी ऊन पसरलं होतं. ती जाळं सोडत होती, तो वल्हं मारत होता, आणि दोघंही पाण्याकडे फार लक्ष देऊन बघत होती.

"सकाळी मी 'बे' म्हटलं..." शेवटी त्याने तोंड उघडलं.

"जॅकेटले म्हटलं असंल."

"जॅकेटलेच. आत कोन हाय ते कुठं दिसत होतं!"

"आता दिसून राहिलं?"

"आता? आता तर वल्हं कुठं मारून राहिलो, तेबी दिसत नाही."

खरंच दिसत नव्हतं. डोंगा सरळ बेशरमाच्या झुडपात जाऊन घुसला. सोनिका खळखळून हसली, आणि मग एवढं मोठ्याने हसलो म्हणून स्वतःच दचकली.

झुडपातून डोंगा काढता काढता तो बोलता झाला. वर्षभर त्याने नागपुरात पार्सलं पोचवायचं काम केलं होतं. "दिवसभर लोकाइच्या दारावर उभा राहाचो, पन 'ये बाबा, बस' म्हननारं कोनी भेटलं नाही," तो म्हणाला. "इथं धुक्यातबी लोक शिव्या देऊन का होईना, बोलतात."

"शिव्या तुमीच देल्ल्या."

"तेच तर सांगून राहिलो. मले इथं घरच्यासारखं वाटते."

त्यानंतर रोज सकाळी एक नवीनच प्रकार सुरू झाला. सोनिकाचा डोंगा पाण्यात आला की पलीकडून एक वल्हं उभं व्हायचं. मग इकडूनही एक वल्हं उभं राहायचं. बस, एवढंच. पण ते वल्हं दिसलं नाही, तर त्या दिवशी चहासुद्धा बेचव लागतो, हे सोनिकाच्या लक्षात आलं होतं. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. सांगायला आहे तरी काय, असं स्वतःला समजावून झालं.

आणि मग एका दिवशी, लख्ख उन्हात, सगळ्या तलावाच्या देखत अश्विनने निळ्या चपलांचं जाळं उचललं.

"चुकून का जाणून?" काठावर आबाजींनी डोळे बारीक केले.

"चुकून आबाजी. डोळ्यात ऊन गेलं."

"ऊन तर तुह्या पाठीमागं होतं गा."

"मंग... पाठीतून गेलं असंल."

काठावरच्या माणसांचं हसून हसून पोट दुखलं. आबाजींनीही मान फिरवून हसून घेतलं आणि 'चुकून' धरून निकाल दिला. संध्याकाळी अश्विन सोनिकाच्या डोंग्यात बसला. त्याने जाळं असं मांडलं, की एक टोक पूर्वेला आणि दुसरं दक्षिणेला.

"हे काय करून राहिले तुमी?"

"नीट मांडलं तर लवकर होते ना..."

एक पाणकोंबडी दोघांच्या मधून फडफडत गेली.

"तुह्या बाबाचा खांदा कसा हाय?" त्याने विचारलं. 'तुमच्या'चं 'तुह्या' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"बरा होऊन राहिला. पुरा बरा झाला का डोंगा त्याइचा, आन् मी घरी."

"तुले काय पाहिजे?"

सोनिकाने वल्हं थांबवलं. घरात तिच्याबद्दल बोलणं पुष्कळ व्हायचं. तिचं लग्न, तिची उंची, उन्हाने काळवंडलेला तिचा रंग. पण हे एवढंसं कुणी विचारलं नव्हतं. उत्तर तर जिभेवर होतं. तलाव पाहिजे, डोंगा पाहिजे, सकाळी समोर उभं राहणारं ते वल्हंही पाहिजे. पण म्हणता आलं नाही.

"मले घरी जायाचं हाय," ती म्हणाली, आणि रात्रभर स्वतःवर चिडत राहिली.

*

तलावावरचं हसू घरी पोचायला कितीसा वेळ लागतो? आईच्या कानावर गेलंच. आई, म्हणजे शामलाबाई, रोज टोपलं घेऊन हुडकेश्वरच्या चौकात मासळी विकायला बसायच्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोनिकाला सोपं गेलं असतं.

"हे पाय," त्यांनी आपले तळहात तिच्यापुढे धरले. "लिंबू घासून झालं, राख घासून झाली. वास जात नाही वं पोरी. ऑटोत बसली का बाजूची बाई नाकाले पदर लावते. तुह्यावर हे येऊ नये, एवढंच माह्यं मागनं हाय. नागपूरच्या प्रताप नगरचं स्थळ आलं हाय. पोराचं मोबाइलचं दुकान हाय. रविवारी पाहाले येऊन राहिले."

सोनिकाने ते हात धरले, नाकाशी नेले आणि तसेच धरून ठेवले. तिला तो वास कधीच वाईट वाटला नव्हता. त्याच वासाला बिलगून ती लहानपणी झोपी जायची.

शनिवारी संध्याकाळी तिने मुद्दाम डोंगा लाल बाटल्यांजवळून नेला.

"उद्या पाहाले येऊन राहिले मले."

"आयकलं." अश्विन जाळ्यातला गुंता सोडवत होता. त्याच्या हातात गुंता वाढतच चालला होता. "पोरगा चांगला हाय म्हनतात."

"एवढंच बोलाचं हाय तुले?"

"मी काय बोलू सोनिका? माह्याकडं एक डोंगा हाय न् एक जाळं हाय. मी 'जाऊ नको' म्हटलं, न् उद्या तुले वाटलं का याच्यापाई माह्यं नुकसान झालं... तर मी कोनत्या तोंडानं पाहू तुह्याकडं?" त्याने मान वर केली तेव्हा डोळे लाल होते. "तुले काय पाहिजे, ते तूच सांग. मी आयकून घेईन. काहीबी असो."

रविवारी पाहुणे आले. मुलगा, सुशील, खरंच चांगला निघाला. हेच तर वाईट झालं. नाक मुरडत नव्हता, बढाई मारत नव्हता, पोहे तर त्याने दुसऱ्यांदा मागून घेतले. जाताना तिला म्हणाला, "तुमी काळजी नका करू. लग्नानंतर तुमाले पान्यात उतराचं काम पडनार नाही."

आईचे डोळे भरून आले. सोनिकाच्या मनात मात्र कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं झालं. त्याने कौतुकानेच म्हटलं होतं, बिचाऱ्याने. पण पाण्यात उतरायला आवडतं का, हे त्यालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"उद्या होकार कळवतो त्याइले," बाबा रात्री जेवताना म्हणाले. "आन् उद्यापासून डोंगा मीच नेईन. खांदा बरा झाला."

"बाबा, उद्याचा दिवस मीच जाते," ती म्हणाली. "एक जाळं उचलाचं राहिलं हाय."

*

सोमवारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. पैलतीरावरच्या पळसाचं पानन् पान दिसत होतं.

सोनिकाने निळ्या चपला ओलांडल्या. डोंगा सरळ लाल बाटल्यांवर नेला. खुंटाची दोरी सोडली आणि जाळं ओढायला सुरुवात केली. ना घाई, ना लपवाछपवी. आज तिने कानटोपीसुद्धा घातली नव्हती. लांबून अश्विनचा डोंगा येत होता. आज त्याच्या तोंडून 'अबे' निघालं नाही. तो नुसता वल्हं मारत आला, आणि तिच्या मागोमाग काठाला लागला.

काठावर सगळे जमले होते. आबाजी, बाकीचे ढिवर, बाबा, आणि बाजाराला निघालेली आई, रिकामं टोपलं कमरेवर घेऊन.

"पोरी," आबाजींचा आवाज आज वेगळा होता. "चुकून का जाणून?"

सोनिकाने दोन्ही हात ओल्या जाळ्यात खुपसले.

"जाणून."

कुणी हसलं नाही. बाबा एक पाऊल पुढे आले. "सोनिका! काय बोलून राहिली तू? वर्षभर डोंगा काठावर लागंल आपला..."

"चुकूनच उचललं आबाजी," अश्विन घाईघाईने म्हणाला. "बाटल्यांचा रंग फिका झाला, तिले दिसलं..."

"मले चांगलं दिसून राहिलं होतं," सोनिका म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग मात्र नजर हटवली नाही. "तू इचारलं होतं ना, तुले काय पाहिजे? मंग आयक. ते प्रताप नगरवाले चांगले हायेत. पन मले पानी पाहिजे, डोंगा पाहिजे... आन् तू पाहिजे. म्हनून उचललं. जाणून."

आबाजींची विडी विझली होती. ती तशीच ओठात धरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या सुरकुत्या हळूहळू हलल्या.

"जाणून उचललं तर चोरी," ते म्हणाले. "नाहीतर... घरचं मानूस." आणि अश्विनकडे वळले. "तूच सांग गा. तुह्या जाळ्यात चोरी झाली का?"

अश्विनने मान हलवली.

"नाही जी. चोरी नाही झाली. माह्या घरच्या मानसानंच उचललं."

बाबांनी आईकडे पाहिलं. आबाजींनी आईकडे पाहिलं. सगळा काठ शामलाबाईंकडे बघत होता. त्या लेकीच्या ओल्या हातांकडे बघत राहिल्या, मग आपल्या हातांकडे. पदराने डोळे पुसले. आणि पुढे होऊन रिकामं टोपलं अश्विनच्या पुढ्यात ठेवलं.

"घरचंच हाय म्हन्तोस ना गा?" त्या म्हणाल्या. "मंग मासे टाक यात. बाजाराले उशीर होऊन राहिला मले."