फुटलेल्या टायरची तारीख

विरेश दुकानात शिरला तो खांद्यावर फाटका टायर घेऊन. धाराशिवातल्या टायरच्या चार दुकानांनी त्याला परत पाठवलं होतं, भंगारवाला पलीकडं म्हणून. पाचवं दुकान गुंडाप्पांचं. आप्पा जेवायला गेलेले. काउंटरवर त्यांची मुलगी, शिवप्रिया.

"विकायचा न्हाय," तो आधीच म्हणाला. "बघून सांगा... चांगला होता का न्हाय?"

तामलवाडीच्या अलीकडं हा टायर फुटला, जीप उलटली, आणि शेजारी बसलेला थोरला भाऊ सोमलिंग जागीच गेला. हे त्यानं खाली बघत सांगितलं. टायर त्यानंच पारखून घेतला होता. सेकंडहँड, पण नक्षी अख्खी, रबर काळंभोर.

शिवप्रियानं ओल्या फडक्यानं कड पुसली. चार आकडे वर आले : १४१८.  तिला खोटं बोलता आलं असतं...

"ही बनल्याची तारीख. चौदावा आठवडा, सन अठरा. सात वर्षांचा होता. नुसता पडून राहिला तरी रबर वाळतं. नक्षी बघून कळत नाही."

"म्हंजे म्या आकडे बघितले असते तर—"

"हो," ती म्हणाली. मग हळूच, "पण तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं ना."

दुरुस्त करून आणलेल्या जीपला त्यानं चार नवे टायर घेतले. प्रत्येकाचे आकडे वाचून, दोन कंपन्यांवर हुज्जत घालून.

"ह्यो जास्त चालंल?"

"चालेल. पण कडक आहे, ओल्या रस्त्यावर घसरतो. हा दुसरा मऊ. रस्ता धरतो, पण लवकर झिजतो."

"किती झिजला, कसं कळायचं?"

"दर महिन्याला दाखवायला या." तिचे कान गरम झाले. "सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगते मी."

"सगळी येत्यात?"

"एकही नाही."

तो मऊ टायर घेऊन गेला, आणि येत राहिला. ती खाचांतले खडे उकरायची, मापकाची दांडी आत घालून आकडा सांगायची. तो गरजेपेक्षा जास्त जवळ वाकायचा. तिसऱ्या खेपेला मात्र ती मापक हातात धरून तशीच बसली.

"टायर झिजतच नाहीत तुमचे. तेर गावाच्या प्रवासी फेऱ्या बंद आहेत का?"

"शेजारी माणूस बसलं की हात कापत्यात... महिन्यातनं एकदा रिकामी गाडी काढतो."

"कशाला?"

"हितं यायला." तो टायरवरून हात फिरवत राहिला. "आई म्हणती, गाडी इकून टाक. उद्या बघायला येणार हायत. म्हणून आज..."

शिवप्रिया उठली, बाहेर गेली आणि जीपचं डावं दार उघडून बसली. विरेश पांढराफटक पडला.

"उतरा. तिथं दादा बसायचा."

"माहीत आहे. तामलवाडीपर्यंत चला."

"प्रिया!" आतून गुंडाप्पा ओरडले. "टायर त्याचे, ट्रायल तू का घेतेस गं?"

"बसल्याशिवाय कळत नाही, आप्पा!"

आप्पांनी दोघांकडं पाहिलं. "दिवस मावळायच्या आत या."

तुळजापूर मागं पडलं. जीप तिशीच्या वर गेली नाही. मागचे ट्रक भोंगे वाजवत पुढं निघून गेले. तामलवाडीच्या अलीकडं, साल खरवडलेल्या एका बाभळीपाशी विरेशनं गाडी उभी केली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून रडला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. तिनं त्याला थांबवलं नाही. फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो काढला नाही.

"उद्याच्या माणसांना काय सांगू?" शेवटी त्यानं विचारलं.

"सांगा... गाडी आम्हाला लागणार आहे."

त्यानं मान वर केली. ती समोर रस्त्याकडं बघत होती. त्याचे हात अजून कापतच होते, पण त्यानं किल्ली फिरवली.