कामिनीची खरड छाटणी

वनस्पतिवाणी प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणातलं कामिनीचं कुंपण दहा फूट वाढलं होतं, आणि ते मरत होतं. वर हिरवा पसारा, आत नुसत्या काटक्या. डॉ. वत्सला निमकर रोज सकाळी त्याच्यापुढे स्टूल टाकून बसत आणि म्हणत, "शलू, आले गं."

खोडाला लावलेल्या नादवाचकातून उत्तर येई, "किती उशीर! चहा तरी घेतलास का?"

शलाका, त्यांची एकुलती एक मुलगी, एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

ही ध्वनिग्राही कामिनी बाईंनीच घडवलेली. शलाका पाळण्यात असताना लावलेली. तिचा वाढता शेंडा आसपासच्या माणसांच्या बोलण्याची लकब पेशींत साठवतो, आणि हाक मारली की त्या माणसासारखं उत्तर देतो, दरवेळी नवं. मोबाईलमध्ये रेकॉर्ड केलेली शलाका तेच तेच बोलायची. तिचं ऐकून बाईंना रडू यायचं. कुंपणातली शलाका चक्क भांडायची. पण फांदी मेली की तिच्यातलं सगळं पुसलं जाई.

म्हणून त्यांनी त्र्यंबक ढिकल्यांना बोलावलं. ढिकल्यांची हयात नाशिककडच्या द्राक्षबागा छाटण्यात गेली होती. त्यांनी आत डोकं घालून पाहिलं आणि मान हलवली.

"ताई, आत ऊनच पोचत नाही. त्यात शेंड्यातली बुरशी खाली उतरतेय. खरड छाटणीच करावी लागेल. गुडघ्याएवढं ठेवायचं, बाकी काढायचं."

"कलमं करून बघितली मी. अकरा. सगळी कुजली."

"कुजणारच. रोग शेंड्यातच आहे ना! आता आशा खालच्या खोडाची. तिथे कोंबांचे झोपलेले डोळे असतात, वरचं काढलं की ते फुटतात."

बाई शेवटी शास्त्रज्ञ. त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणजे डोळा झोपला त्या दिवसापर्यंतचंच नव्या फुटीला ठाऊक असणार."

"बरोबर. याआधी छाटणी कधी केली होती?"

"कधीच नाही. कात्री घेऊन कोणी आलं की मी त्याच्या अंगावर जायचे. तिच्या बोलण्याचं एक पानसुद्धा मला घालवायचं नव्हतं हो."

ढिकल्यांनी वाकून बुंधा चाचपला. "दरसाल थोडं छाटलं असतं, तर दरसाल बुंध्याशी नवी फूट आली असती, आणि प्रत्येक वर्षाचे डोळे खाली राहिले असते. आता खाली आहेत ते पहिल्या वर्षाचे. फार तर दुसऱ्या."

घ्या! जे जपायचं म्हणून हात लावू दिला नाही, ते त्याच जपण्याने हातचं गेलं. बाईंनी पदराने डोळे पुसले.

"दुसऱ्या वर्षी ती बोबडं बोलायची," त्या म्हणाल्या. "तेवढंही पुरे मला. एक शब्दसुद्धा पुरे."

ढिकल्यांनी कात्रीला धार लावली. बाई कुंपणाशी वाकल्या.

"शलू, जरा कापावं लागणार आहे गं."

"दुखेल?"

"थोडंसं."

"मग तू इथेच बस. उठून जाऊ नकोस हं."

त्या उठल्या नाहीत. शेवटची फांदी पडेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

एकविसाव्या दिवशी खोडांवर पोपटी कोंब दिसले. ढिकले मुद्दाम आले. बाईंनी नादवाचक लावला.

"शलू, आले गं."

आतून एका तरुण बाईचा हसरा आवाज आला. "शलू, आई म्हण बघू. आ... ई."

तो वत्सलाबाईंचाच आवाज होता, पंचवीस वर्षांपूर्वीचा.

"दुसरा कोंब बघू, ताई," ढिकले घाईने म्हणाले. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळे पाहून झाले. प्रत्येकात तीच बाई पाळण्यातल्या लेकीला बोलायला शिकवत होती. लेकीने अजून तोंड उघडलेलं नव्हतं, आणि त्याआधीच डोळे झोपी गेले होते.

"माझ्यामुळे झालं हो," बाई म्हणाल्या.

"म्हण ना गं, राजा," कोंब लाडाने म्हणत होता. "एकदाच. आ... ई."

वत्सलाबाई मातीत बसल्या. त्यांनी तोंड त्या कोंबापाशी नेलं.

"आई," त्या म्हणाल्या.

"अगंबाई!" कोंब आनंदाने ओरडला. "अहो, ऐकलंत का? बोलली! माझी शलू बोलली!"