मोठीमायचं घर

"मॅडम, संघदीपले शाळेच्या खांबाले बांधून ठेवलं. मारून राहिले त्याले. तुमी या लवकर."

फोनवर रीनाची विद्यार्थिनी अल्का होती. मागून बायांचा आरडाओरडा ऐकू येत होता. रीनाने वर्ग तसाच सोडला आणि स्कूटी केशोरीच्या रस्त्याला घातली.

२००९ सालचा फेब्रुवारी संपत आला होता. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगाला उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. टोलीला, त्या छोट्या वस्तीला, लागून असलेल्या धानाच्या बांध्यांमध्ये मात्र एकही बाई वाकलेली दिसत नव्हती. सगळी टोली शाळेच्या आवारात जमली होती.

संघदीपला तोवर सोडलं होतं. तो खांबाला टेकून बसला होता, ओठ फाटलेला. त्याची माय ललिता पदराने त्याचं तोंड पुसत होती. तिच्या आसपास कोणी नव्हतं. एवढ्या गर्दीत तेवढीच जागा मोकळी होती.

"आल्या पाहा पोट्ट्याच्या मास्तरीणबाई," कोणीतरी म्हणालं. "इचारा आता, आमच्या घराघरात कायले शिरले होते म्हनून."

"गप राहा रे," पोलीस पाटील उदाराम म्हणाला. "मी सांगतो बाईले."

सकाळी पोलिसांची गाडी आली होती. शाळेच्या भिंतीमागची तीन घरं त्यांनी धरली. मोहाची दारू शोधायची म्हणून दारं लाथेने उघडली, धान साठवायच्या ढोल्या अंगणात उलट्या केल्या, बियाण्याचा धान मोरीच्या चिखलात गेला. सापडलं काहीच नाही. झटापटीत म्हाताऱ्या रुख्मिणीचा हात मोडला.

"पण त्यात संघदीपचा काय संबंध?" रीनाने विचारलं.

"मागच्या हप्त्यात तुमचे पोट्टे दारूचंच इचारत फिरले का नाही?"

"फिरले."

"ह्या तिन्ही घरच्या बायांनी तवा 'हो' म्हनलं होतं. अन् दुसरं आयका. गाडीतून उतरल्याबरोबर शिपायानं काय इचारलं? 'मोठीमायचं घर कोणतं?' रुख्मिणीले मोठीमाय कोन म्हनते या टोलीत? हा एकटा. तेच्या बापाच्या मोठ्या भावाची बायको ते. आमी कोनी काकू म्हनतो, कोनी आजी. मोठीमाय फक्त हाच."

"मी नाही सांगतलं, मॅडम," संघदीप म्हणाला.

"मंग तुह्या तोंडचा शब्द पोलिसाच्या तोंडी गेला कसा बे?"

संघदीपने ओठावरचं रक्त बाहीला पुसलं.

टोलीने तिथेच ठरवलं. रविवारी बैठक. कॉलेजच्या मोठ्या सरांनी यायचं आणि पोराला काढून टाकल्याचं सगळ्यांसमोर सांगायचं. आणि तोवर, आणि त्यानंतरही, ललिताला कोणी रोवणीला बोलवायचं नाही.

*

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला 'सामाजिक प्रश्नांचे अर्थशास्त्र' हा पेपर होता. रीना तो शिकवायची. तिचं बी.एस्सी. संख्याशास्त्रातलं. माणूस खोटं बोलतो हे गृहीत धरूनही खरं उत्तर काढता येतं, या गोष्टीचं तिला कॉलेजच्या दिवसांपासून अप्रूप होतं.

तुमच्या घरी दारू गाळता का, असं दारात उभं राहून विचारलं तर कोण हो म्हणेल? म्हणून तिने गाडगं काढलं. गाडग्यात अर्धे लाल मणी, अर्धे पांढरे. बाईने आत हात घालायचा, मणी मुठीतच पाहायचा आणि परत टाकायचा. लाल निघाला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. पांढरा निघाला तर खरं सांगायचं. कोणता मणी निघाला ते विचारणाऱ्यालाही कळत नाही. कागदावर नाव नाही, नुसती रेघ. लाल मण्यांमुळे आलेले 'हो' हिशेबाने वजा केले की टोलीत किती घरी दारू गळते याचा अंदाज येतो. कोणत्या घरी, ते मात्र कोणालाच सांगता येत नाही.

"गाव दिसतं, घर दिसत नाही," तिने वर्गात सांगितलं होतं. "त्यामुळे बायांना मोठ्यानं बोलू द्या. कोणी ऐकलं तरी बिघडत नाही."

ते वाक्य आता तिला टोचत होतं.

"अल्का, 'हो' म्हणणारी फक्त ही तीनच घरं होती का?"

"नाही मॅडम. नहराकडच्या ओळीत तं लय जणी हो म्हनल्या. तिकडं पोलीस गेलेच नाही."

"घरोघरी तुम्हा दोघांबरोबर आणखी कोण होतं?"

"कोनीच नाही. मी गाडगं धरून होती, संघदीप इचारत होता. बकाराम ड्रायव्हर कॉलेजची जीप धुवाले नहरावर गेला होता."

रुख्मिणी अंगणात खाटेवर बसली होती. हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. रीना खाली बसली.

"तुम्ही 'हो' म्हणालात?"

"म्हनलं ना. लाल मणी निंगाला माहा. पोट्ट्यानं सांगतलं होतं, लाल आला का हो म्हन. हासत हासत म्हनलं."

"भीती नाही वाटली?"

"भेव कायचं? माहा मालक दारूनंच गेला. तवापासून या घरात थेंब नाही आला. साऱ्या टोलीले ठाऊक हाय." ती थोडी वाकली. "जेच्या घरी भट्टी हाय ना बाई, तेनं तं मणी पाहलाही नसन. हात घातला अन् नाही म्हनला."

"कोण तो?"

रुख्मिणीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "तुले काऊन सांगू?"

*

विभागप्रमुख डॉ. ईश्वरदास लांजेवार गोंदियाहून ये-जा करत. त्यांच्या खुर्चीमागे दारूबंदी मेळाव्यातल्या सत्काराचा फोटो होता. साहेबलोकांच्या मधोमध सर, गळ्यात हार.

"बैठो, रीना. रविवारी मी येतो टोलीला. पोराला काढून टाकू, मामला खतम."

"सर, त्याने सांगितलं याला पुरावा काय?"

"पोलिसांनी त्याचाच शब्द वापरला म्हणतात. आणखी काय पाहिजे?"

"पाहणीच्या दिवशी तुम्हीही टोलीला आला होतात."

"आलो होतो ना. शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. खुर्चीवरून उठलो पण नाही. पाटलाला विचारा, चहा त्यानेच पाजला."

"पाटील पूर्ण वेळ तुमच्याजवळ होते?"

"पूर्ण वेळ."

"मण्यांची पद्धत मी वर्गात समजावली तेव्हा तुम्ही—"

"अहो, तो तास तुमचा. प्रस्तावावर मी सही केली, बस. तुमच्या त्या मण्यांच्या खेळात मला कुठं ओढता?" त्यांनी फाईल उघडली. "एक सांगतो. पुढच्या वर्षी तुमचे तास चालू ठेवायचे की नाही, हे माझ्या हातात आहे. या पोरासाठी ते धोक्यात घालू नका."

रीना बाहेर आली. जिन्याखाली संघदीप उभा होता. ओठावरची खपली अजून ओली होती.

"मॅडम, मले काढलं तं काढू द्या," तो म्हणाला. "पन मायले बांधीत येऊ द्या म्हना. ते घरी बसून नाही राहू शकत. कालपासून जेवली नाही."

"संघदीप, तू कोणाला सांगणार असतास, तर काय म्हणून सांगितलं असतंस? तुझ्या मोठीमायचं घर म्हणून?"

"नाही. रुख्मिणीबाईचं म्हनलं असतं. परक्या माणसाले मोठीमाय म्हनून काय समजन?"

तो बोलून गेला. रीना मात्र जागच्या जागी थांबली.

शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर ती टोलीत गेली. व्हरांड्यातली खुर्ची मागच्या भिंतीकडे ओढून बसली. भिंतीवरून कवेलूंची छपरं दिसत होती, माणसं दिसत नव्हती. पलीकडे रुख्मिणी कोंबडीला शिव्या देत होती. शब्दन् शब्द कानात पडत होता. पुढच्या घरात एक बाई पोराला जेवायला हाक मारत होती. तिसऱ्या घरात कोणी खोकलं. त्यानंतर हापशीची बोअरिंग होती, तिचा दांडा करकरत होता, आणि त्यापलीकडचं काहीच ऐकू येत नव्हतं.

पोलीसही बोअरिंगच्या अलीकडेच थांबले होते.

*

रविवारी व्हरांड्यात सतरंजी घातली होती. लांजेवार सर त्याच खुर्चीत बसले. ललिता आणि संघदीप आवाराच्या फाटकाशी, जमिनीवर.

सर उठू लागले तसं रीना म्हणाली, "सर, एक मिनिट. आधी बोअरिंग थांबवा कोणी. आणि सगळे गप राहा."

भिंतीपलीकडून अल्काचा आवाज आला. "मोठीमाय, घाल हात. काय निंगालं ते नोको सांगू. दारू गाळता का घरी?"

"हो!" रुख्मिणीचा आवाज.

व्हरांड्यातली सगळी माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

"त्या दिवशीही असंच ऐकू आलं असेल," रीना म्हणाली. "ज्याने पोलिसांना सांगितलं त्याने ऐकलं, पाहिलं नाही. म्हणून ही तीनच घरं. नहराकडच्या बायाही 'हो' म्हणाल्या होत्या. त्यांचा आवाज इथपर्यंत येत नाही. संघदीप तर घरोघर फिरला. त्याने ओळीतली तीनच घरं का निवडली असती?"

"अन् मोठीमाय?" उदारामने विचारलं.

"तेच. रुख्मिणीबाईंचं नाव तुम्हाला माहीत आहे ना, पाटील?"

"हे काय इचारनं झालं?"

"संघदीपलाही माहीत आहे. नाव माहीत असलेला माणूस पोलिसाला नावच सांगेल. 'माझ्या मोठीमायचं घर' असं कोणी सांगत नाही. ज्याने भिंतीपलीकडून फक्त संघदीपची हाक ऐकली, त्यालाच वाटेल की गावात तिला असंच म्हणतात."

उदारामने भिंतीकडे पाहिलं.

"आणखी एक. टोलीतल्या पोरालाही ठाऊक आहे की त्या घरात दारूचा थेंब येत नाही. सांगणारा टोलीतला असता तर त्याने खऱ्या भट्टीचं घर दाखवलं असतं. म्हणजे तो बाहेरचा. त्याला मण्यांचा अर्थही कळलेला नाही. 'हो' ऐकलं की त्याला कबुली वाटली. उलट ज्यांना लपवायचं होतं ते भीतीनं 'नाही' म्हणाले. बिनघोर 'हो' म्हटलं ते ज्यांच्या घरी काहीच नव्हतं त्यांनी. मोठ्यानं बोलू द्या असं मीच सांगितलं होतं. पण ऐकायला या व्हरांड्यात त्या दिवशी दोघंच होते. एक पाटील, ते टोलीतलेच." ती वळली. "दुसरे तुम्ही, सर."

"काय बकवास आहे ही!" लांजेवार म्हणाले. पण ते उदारामकडे पाहत होते.

उदाराम हळूच म्हणाला, "मास्तर, चहा पेता पेता तुमी मले इचारलं होतं. ह्या भिंतीमागं किती घरं हायेत म्हनून. मले तवा काही वाटलं नाही."

सर खुर्चीतून उठले. मग आवाज चढवून म्हणाले, "दारू बंद व्हायला नको? तुम्हाला नको? मेळाव्यात पोलीस साहेब म्हणाले, सर, भाषणं खूप झाली, एक गाव तरी दाखवा. मी दाखवलं. बायांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं! मी चांगल्यासाठीच—"

"आणि काही सापडलं नाही तेव्हा?"

सरांनी खिशातून रुमाल काढला.

"तुमची गफलत झाली, सर. गफलत मी समजू शकते. पण पोराला खांबाला बांधल्याचं कळलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की तो निर्दोष आहे. तरी आज त्याला काढून टाकायला आलात."

लांजेवारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कोणाकडेच न पाहता ते व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले. बकारामने जीपचं दार उघडलं नाही. तो गाडीला टेकून उभा राहिला. सरांना ते स्वतःच उघडावं लागलं.

"मास्तर, जाऊ नोका," उदाराम म्हणाला. "हे समदं मले लिहून द्या. पोट्ट्याच्या कॉलेजात दाखवाले लागन. अन् ठाण्यातही."

लांजेवारांचा हात दारावर तसाच राहिला.

संघदीप फाटकाशीच बसला होता. ज्यांनी त्याला बांधलं होतं त्यांतला एक जण जवळ आला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि परत गेला. संघदीपने मान वळवली नाही.

भिंतीला वळसा घालून रुख्मिणी आली. मोडका हात छातीशी धरून ती थेट ललितासमोर उभी राहिली.

"उठ वं. उद्या माह्या बांधीत ये. रोवाचे पऱ्हे वाळून राहिले अन् मले एक हात हाय."

ललिता उठली. पदर खोचला.

रीना पुढे झाली. "मीही येऊ का उद्या? रोवणी शिकेन."

रुख्मिणीने तिला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"ये ना," ती म्हणाली. "पन काही इचारू नोको."