वाळवीनं लाकूड काहून सोडलं?

"दादा, पुस्तकांचं कपाट रिकामं हाय!" शाळेच्या खिडकीला लटकलेली जमुना ओरडली.

"काही बी नको सांगू!" म्हणत सूर्यभान स्वतःच वर चढला. "अरे बाप्पा!"

अमरावतीच्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडी कापसाला असा भाव आला, की बाजारात आलेला कापूस ठेवायला जागा पुरेना! भगवंतराव अडत्यांनी सुट्टीपुरती शाळाच मागून घेतली. पण ते कपाट! खालच्या फळीवर मोठ्या अक्षरांची पुस्तकं, मधल्या फळीवर गोष्टी, वर भूगोल आणि तारे. एक फळी वाचून दाखवली, की गुरुजी पुढची उघडायचे. जमुनाला शाळा नव्हती. पोरीला कोण पाठवतो? दादा पुस्तक घरी आणी आणि ही त्याच्याआधी फडशा पाडी. आत्ता कुठे ती मधल्या फळीला पोचली होती. शाळा तपासणाऱ्या अकोल्याच्या साहेबांनी बजावलं होतं, एक पुस्तक हरवलं तरी कपाट परत! आणि गुरुजी उद्याच यायचे होते.

दोघं आत घुसली. कापूस तोलणारा जानराव काट्यापाशी बसला होता.

"काका, पुस्तकं कुठी गेली?"

"वाळवीनं खाल्ली! पळा, पोट्टेहो, काम करू द्या मले!"

जमुनानं फळीवरून बोट फिरवलं. ना माती, ना भोक!

"दादा, वाळवीनं लाकूड काहून सोडलं? लई शिकलेली दिसते!"

सूर्यभान फिस्सकन हसला. जमुना मात्र काट्याकडे बघत होती. एक पारडं हलकं, म्हणून त्याला पासंग बांधला होता, गोणपाटाचं गाठोडं. दगडांचं गाठोडं असं चौकोनी असतं होय? ती पुढे झाली, तसा जानराव खेकसला, "हात नको लावू!"

दारात शेतकरी खुशालराव कापसाची गाडी घेऊन उभे होते. वजनाच्या बाबतीत माणूस महा चिकट! जमुनानं भोळा चेहरा केला.

"काका, तोलाच्या आधी पासंग सोडून दाखवा लागते ना? माह्या बाबाले दाखवतात."

"लागते तं! जानराव, सोड तो पासंग!"

"अजी, पण..."

"सोड, नाई तं गाडी परत नेतो!"

गाडी परत जाणार म्हटल्यावर भगवंतरावही धावत आले. गाठ सुटली आणि धबाधबा पुस्तकं पडली!

"जानराव! हे काय?"

"मालक, या काळ्या मातीत दगड कुठी भेटते? हे कपाटात व्हतं, वजनाले बराबर जमलं! मंग पोट्ट्याईनं इचारलं, तं भेव वाटलं," जानराव रडवेला झाला.

जमुना एकेक पुस्तक परकरानं पुसत होती. सदतीसच्या सदतीस भरली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी भगवंतराव गुरुजींपुढे ओशाळून म्हणाले, "चूक माही, गुरुजी. शाळा आजच मोकळी करतो. पण ही पोट्टी मोठी हुशार! जे आमाले दिसलं नाई, ते हिनं हुडकलं!"

गुरुजी जमुनाकडे वळले. "पुस्तकात खुणेला मेथीची काडी ठेवणारी तूच ना गं?"

जमुना चपापली. म्हणजे गुरुजींना सगळं ठाऊक होतं!

त्यांनी पुस्तकं नेणाऱ्यांची यादी काढली आणि सूर्यभानच्या खाली लिहिलं: जमुना.

"सुट्टी संपली, की भावाबरोबर शाळेत ये. तुझ्या बाबांशी मी बोलतो. आणि आजचं पुस्तक तुझं तू काढ!"

मधली फळी उंच होती. सूर्यभान मदतीला धावला.

"राहू दे, दादा!" म्हणत जमुनानं टाचा उंचावल्या आणि तिचा हात पोचला.